गुरुवारची केळी

प्राध्यापकाच्या नोकरीच्या अर्जात 'प्रकाशित संशोधन' असा एक रकाना असतो. त्याच्याखाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं, 'जागा अपुरी पडल्यास जादा कागद जोडावा.' तीन वर्षं लागोपाठ मी तो अर्ज भरला आणि तिन्ही वर्षं ती जागा मला भरपूर पुरली. पहिल्या वर्षी मी तिथं नुसती आडवी रेघ मारली. दुसऱ्या वर्षी 'चालू आहे' असं लिहिलं. तिसऱ्या वर्षी 'लवकरच' असं लिहिल्यावर विभागप्रमुखांनी चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, "हे संशोधन आहे का पिक्चरची पाटी?"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीच्या एका महाविद्यालयात मी जीवरसायनशास्त्र शिकवत होतो, पण हंगामी. जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये मुक्तता. पावसाबरोबर यायचं आणि आंब्याबरोबर जायचं. गावी, मेढ्याच्या बाजूला, आमची डोंगरउताराची भातशेती. दर उन्हाळ्यात मी घरी गेलो की वडील एकच विचारायचे, "औंदा कायम झालास, का येतोस खाचरात?" मी खाचरात जायचो. उन्हात वाकून ढेकळं फोडताना आपण एम.एस्सी. आहोत हे कमरेला पटवून देणं फार अवघड जातं. त्यामुळे चौथ्या वर्षी मी ठरवलं की यंदा काहीही होवो, त्या रकान्यात काहीतरी छापलेलं घालायचंच. वाक्यातला 'काहीही' हा शब्द पुढं मला चांगलाच भोवला.

सांगलीतल्या एका दवाखान्यात दर गुरुवारी साताऱ्याहून एक डॉक्टरबाई येत. मनाच्या आजारांच्या डॉक्टर. त्या काळी अशा डॉक्टरकडं जाणं म्हणजे चोरीचा मामला. माणसं दातांच्या डॉक्टरांच्या दारानं आत शिरायची आणि मागच्या व्हरांड्यातून बाईंच्या खोलीत जायची. बाई औषधं कमी देत. दहाबारा जणांना गोल बसवून बोलतं करत. कुणाला झोप नाही, कुणाला धडकी भरते, कुणाला भावकीत तोंड दाखवावंसं वाटत नाही. दोन तास बोलून झालं की ही माणसं जरा सैल होऊन बाहेर पडत. बाईंना पटलेलं होतं की यानं फरक पडतो. बाकीचे डॉक्टर म्हणत, "गप्पाच मारायच्या तर पारावर माराव्या, खोली कशाला अडवायची?"

इथं मला माझा रकाना दिसला. मेंदूत आणि आतड्यांत सेरोटोनिन नावाचं एक द्रव्य तयार होतं. माणसाच्या मनःस्थितीशी त्याचा संबंध असावा अशी तेव्हा जोरात चर्चा होती. त्याचं काम संपलं की उरलेला तुकडा लघवीतून बाहेर पडतो. ठरावीक रसायन घातलं की त्या तुकड्यामुळे लघवीला जांभळा रंग येतो. तुकडा जास्त, तर जांभळा गडद. मी बाईंना म्हटलं, "बोलायच्या दिवसाची आणि न बोलायच्या दिवसाची लघवी घेऊ. रंगात फरक पडला, तर तुमच्या खोलीला शास्त्राचा आधार."

बाई म्हणाल्या, "आणि तुमच्या नोकरीला?"

"तो तर आपोआपच," मी म्हणालो. बाई हसल्या आणि हो म्हणाल्या.

ही तपासणी नेमकी कशी करायची ते वाचायला मी पुण्याच्या ग्रंथालयात गेलो. तेव्हा लेख हातानं उतरवून घ्यावा लागे. मी दुपारभर उतरवत बसलो. 'तपासणीआधी कोणती औषधं बंद ठेवावीत' इथवर आलो आणि खालचा शेवटचा शब्द लिहिला तेव्हा शिपाई खिडक्या लावत होता आणि माझी शेवटची एस.टी. सुटायच्या बेतात होती. पान संपलं म्हणजे मजकूर संपला, अशी माझी त्या वेळी प्रामाणिक समजूत होती. मी वही मिटली आणि स्टँडकडं पळालो. पान उलटलं नाही.

गुरुवारच्या मंडळींना तयार करणं सोपं नव्हतं. चोवीस तासांची सगळी लघवी एका डब्यात जमवायची, हे ऐकूनच निम्मे उठले. त्यांना थांबवलं ते एका निवृत्त हवालदारानं. हा जत तालुक्यातला, आता सांगलीत हळदीच्या एका वखारीवर पहारेकरी. फौजेतून आल्यापासून त्याला झोप नव्हती, आणि झोप नाही म्हणून पहारेकऱ्याची नोकरी मिळाली, असं तोच सांगायचा.

"सायेब, आमच्या जतला प्यायला पानी न्हाई," तो म्हणाला, "आन् तुमी ह्येचा डबा मागताय. पर मागितलाय तर देऊ. जमंल तेवढं देऊ. बसा रं सगळी."

बसले. आता गंमत अशी की गुरुवार हा दत्ताचा वार, आणि सांगलीच्या आसपास गुरुवारचा उपास धरत नाही तो माणूस शोधून काढावा लागतो. ही माणसं सकाळपासून उपाशी, त्यात मी त्यांना तासन्‌तास अडकवून ठेवणार. मला त्यांची दया आली. मी स्वतः बाजारातून केळी आणायला लागलो. माणशी दोन, हवालदाराला तीन, कारण त्यानं मला माणसं मिळवून दिली होती. न बोलायचा दिवस म्हणून आम्ही बुधवार धरला होता. त्या दिवशी ही मंडळी आपापल्या घरी भाकरी-आमटी खात आणि डबा भरून ठेवत.

जांभळा रंग असा आला म्हणता. बुधवारची नळी फिकट, गुरुवारची वांग्यासारखी. एकाची नाही, सगळ्यांची. मी प्रयोगशाळेत नळ्या खिडकीत उभ्या केल्या आणि त्यांच्यापुढं खुर्ची टाकून बसलो. माणूस मन मोकळं करतो आणि त्याची साक्ष बाटलीत उतरते. मी लेख लिहिला, वर बाईंचं आणि माझं नाव घातलं आणि देशातल्या एका बऱ्यापैकी नियतकालिकाकडं पाठवला. काही महिन्यांनी छापूनही आला. विभागप्रमुखांनी तो हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला. "आता कसं," ते म्हणाले, "आता अर्जात काहीतरी लिहिता येईल."

मग एक दिवस परदेशातून पोस्टकार्ड आलं. लेखाची प्रत पाठवावी, अशी कुणा मोठ्या प्रयोगशाळेची विनंती. ते कार्ड पोस्टमननं स्वतः वर्गात आणून दिलं, कारण तिकीट त्याला हवं होतं. मी ते कँटीनवाल्याला दाखवलं, ग्रंथपालांना दाखवलं, न्हाव्याला दाखवलं. विभागप्रमुखांनी ते दोन दिवस सूचनाफलकावर लावलं. गुरुवारी मी ते बाईंपुढं ठेवलं आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघत उभा राहिलो.

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"प्राध्यापक, खाली एक ओळ आहे. वाचलीत का?"

"कुठली?"

"सहीच्या खाली. बारीक आहे." आणि त्यांनी मला मराठीतून सांगितलं, "तुमच्या रुग्णांच्या आहारात त्या दिवशी केळी नव्हती, असं आम्ही समजतो. बरोबर ना, असं विचारलंय."

व्हरांड्यात माझीच मंडळी माझीच केळी सोलत बसली होती.

पुण्याला जाऊन मी तो लेख पुन्हा काढला आणि पान उलटलं. पलीकडं पहिल्याच ओळीत होतं की केळ्यात हेच द्रव्य रग्गड असतं, टमाट्यातही थोडं असतं, आणि तपासणीआधी दोन दिवस या दोन्हींना हात लावू देऊ नये. म्हणजे मी जगाला जे सांगितलं होतं, ते एवढंच की गुरुवारी केळी खाल्ली की बुधवारपेक्षा जास्त केळी पोटात जातात.

तरी मन किती लबाड असतं बघा. परतीच्या एस.टी.त मी स्वतःला सांगत होतो की सगळ्यांनी काही खाल्ली नसतील. कुणी पोराबाळांना नेली असतील. दुसऱ्या दिवशी वखारीवर जाऊन मी हवालदाराला विचारलं. त्यानं उशाखालून एक वही काढली. फौजेतली सवय, रोज काय खाल्लं आणि किती तास झोप झाली हे तो लिहून ठेवायचा.

"ह्ये बगा. गुरवार. केळी तीन, सायबांनी दिलेली. म्होरचा गुरवार, केळी तीन, सायबांनी दिलेली." बोट खाली सरकत गेलं. "ह्या गुरवारी चार. एकानं सोडलं, ते मी खाल्लं."

"बाकीच्यांनी खाल्ली का पण?"

"माज्यासमोर खाल्ली की. साली मीच गोळा केल्या. का वं, हिशेब मागतंय का कोन?"

मी सांगितलं काय झालं ते. तो वही मिटून म्हणाला, "म्हंजी गोळी झाडली खरी, पर निशाण दुसऱ्याच्या रानात."

विभागप्रमुखांचा सल्ला व्यवहारी होता. मुलाखत पुढच्या मे महिन्यात. "दुरुस्ती पाठवा की," ते म्हणाले. "नाही कोण म्हणतंय? जूनमध्ये पाठवा. आत्ता पाठवलीत तर मुलाखतीआधी छापून येईल. मग अर्जात काय लिहिणार? परत आडवी रेघ?" माणूस वाईट नव्हता. मला कायम करावं असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तो सल्ला चार दिवस फार आवडला. चार दिवस मी जूनच्या तारखा मोजत होतो.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं नाव आहे त्यावर. माझी माणसं आहेत त्यात. त्यांना मी दर गुरुवारी सांगते की जे झालं ते आधी उघड बोला, मग पुढचं बघू. आणि तुम्ही म्हणताय, जूनमध्ये बोलू."

मी तिथंच त्यांच्या टेबलावर नियतकालिकाला पत्र लिहिलं. आमचा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण केळी, आणि ती देणारा मी. बाईंनी सही केली. पेटीत पत्र पडल्याचा आवाज झाला आणि माझा रकाना कोरा झाला. पण आश्चर्य म्हणजे मला घाबरल्यासारखं झालंच नाही. उलट चीड आली, आणि ती कामाला आली. मे महिना यायला अजून अवकाश होता. मी ठरवलं, सगळं पहिल्यापासून करायचं. या वेळी पान उलटून.

पण कुठल्या दिवशी? नुसतं 'केळी खाऊ नका' म्हणून भागत नव्हतं. उपासाचा दिवस आणि जेवणाचा दिवस यांची तुलना करायची नाही, हा धडा आता मिळाला होता. हवालदार बोटांवर वार मोजत बसला. "सोमवार म्हादेवाचा. मंगळवार गणपतीचा, आन् देवीचाबी. गुरवार तर झालाच. शुक्करवारी बायकांचं नवीन निघालंय, आंबट चालत न्हाई. शनिवार मारुतीचा. रविवारी मटान, त्येचं तुमच्या शास्त्रात काय बसतंय बगा." राहिला बुधवार. म्हणजे बोलायचा दिवस बुधवारी हवा, आणि न बोलायचा दिवस त्याच्या मागचा बुधवार. आणि बुधवारी बाई साताऱ्यात बसत. तिथंही त्यांची एक मंडळी होती, तेवढीच.

तेव्हापासून पूर्ण हिवाळा दर बुधवारी मी साताऱ्याला गेलो. हवालदाराची साप्ताहिक सुट्टी बुधवारची. तो न विचारता बरोबर यायला लागला. "तुमचं मन मऊ हाय," तो म्हणाला, "कोन उपाशी दिसलं की द्याल कायतरी." साताऱ्याच्या मंडळींपुढं उभं राहून त्यानं पहिल्याच दिवशी आदेश दिला की केळं दिसलं तरी तोंड फिरवायचं, आणि काय खाल्लं ते खरं लिहायचं. एकानं टमाट्याची चटणी खाल्ली होती. त्याला त्यानं पुढच्या बुधवारी परत यायला लावलं. बाई हसू दाबत मला म्हणाल्या, "यांनाच ठेवू या का, तुमच्या जागी?"

दुसऱ्या दिवशी डबे घेऊन सांगलीला परतायचं. ठिकऱ्या उडू नयेत म्हणून काचेऐवजी प्लास्टिकचे कॅन आणि आत थोडं आम्ल घातलेलं. पहिल्याच खेपेला कंडक्टरनं कॅनवर पाय टेकवून विचारलं, "काकवी का?"

मी तयारच होतो. "हो, काकवीच."

"लघवी हाय," हवालदार शेजारून म्हणाला. "अभ्यासाची हाय. पाय काडा."

गाडी कऱ्हाडला पोचेपर्यंत आमच्या मागचा-पुढचा बाक रिकामा झाला होता. पुढच्या आठवड्यापासून कंडक्टर आम्हाला लांबूनच ओळखायचा आणि शेवटचा बाक आमच्यासाठी मोकळा ठेवायचा. एवढा मान मला विभागात कधी मिळाला नाही.

फेब्रुवारी संपता संपता नळ्या पूर्ण झाल्या. खिडकीत उभ्या केल्या. बोलायच्या बुधवारच्या फिकट, न बोलायच्या बुधवारच्याही फिकट. डोळे बारीक करून बघितलं, यंत्रावर बघितलं, उन्हात बघितलं. फरक नव्हता. मुळीच नव्हता.

हवालदार नळ्यांपुढं उभा राहिला. "पडला का फरक?"

"लघवीत नाही."

"झोपंत पडलाय की." त्यानं वही काढली. पहिल्या महिन्यात दोन तास, दीड तास, दोन. मग तीन. मग चार, साडेचार. "आता पहाऱ्यावर डुलकी लागती, मालक वरडतोय. ह्ये कुटं लिवायचं?"

चार महिने ती वही माझ्यासमोर एस.टी.त उघडझाप होत होती आणि मी कॅन सांभाळत बसलो होतो. बाईंना दाखवली तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. त्यांनी साताऱ्याच्या मंडळींनाही झोपेच्या नोंदी ठेवायला सांगितलं होतं आणि त्या वह्या कपाटात पडून होत्या. मी त्या एकदाही मागितल्या नव्हत्या, कारण त्या जांभळ्या होत नाहीत.

एप्रिलमध्ये आमची दुरुस्ती छापून आली. कुठल्या तरी पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत. मी अर्ज भरायला घेतला. रकान्यात लिहिलं : एक, लेख. दोन, वरील लेख चुकीचा असल्याबद्दलचं पत्र. तीन, केळी आणि उपासाच्या दिवशी घेतलेली लघवी, टिपण, पाठवले आहे. चार, बोलण्याचा उपचार आणि झोप, डॉक्टरबाईंसह, लिहिणे चालू. 'चालू' हा शब्द बघून विभागप्रमुखांनी चष्मा कपाळावर ढकलला. दुसऱ्या ओळीवर मात्र त्यांचं बोट थांबलं. "ही काढा. पहिली नुसती राहू दे. कोण तपासतंय?"

"कार्डवाला तपासतो," मी म्हणालो. त्यांनी बोट काढून घेतलं.

मुलाखतीला बाहेरगावचे एक तज्ज्ञ होते. म्हातारे, पांढऱ्या भुवयांचे. त्यांनी माझी यादी वाचली आणि विचारलं, "पहिला लेख चूक, दुसरा म्हणतो पहिला चूक. म्हणजे जमेला किती?"

"शून्य, सर."

"तिसरा आणि चौथा?"

"छापून आलेले नाहीत. म्हणून तेही शून्य."

"मग यादी कशाला दिलीत?"

मी काहीतरी भारदस्त उत्तर पाठ केलं होतं. ते आठवेना. म्हणालो, "रकाना होता, सर." कुणीतरी खोकल्यासारखं केलं. म्हाताऱ्यांनी मात्र केळ्यांबद्दल अर्धा तास विचारलं. किती दिली, कधी दिली, कुणी मोजली. हवालदाराची वही मी सोबत आणली होती. ती त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि मधे एकदा विचारलं, "हे चौथं केळं कुणाचं?"

मुलाखत आटोपून, मे संपता संपता, मी गावी गेलो. वडिलांनी विचारलं आणि मी धोतर वर खोचलं. खाचराची ढेकळं फोडत असताना टपाल आलं. लखोट्यात टंकलेला कागद होता. कायम पदासाठी आपली निवड झालेली नाही. हंगामी नेमणूक पुढील वर्षासाठी चालू ठेवण्यात येत आहे. खाली सही, शिक्का.

वडील बांधावरून म्हणाले, "काय म्हंत्यात?"

"हंगामी."

"मंग ढेकळं फोड."

मी कागद खिशात घालणार होतो. पण आता सवय लागली होती. पुन्हा उघडला. शिक्क्याच्याही खाली, पेन्सिलीनं, विभागप्रमुखांच्या अक्षरात एक ओळ होती : 'तज्ज्ञांनी सांगितले आहे, पुढच्या वर्षी हीच यादी घेऊन या. त्यातली एकही ओळ काढू नका. तिसरी-चौथी तेवढी छापून आणा.'

ती ओळ मी तीनदा वाचली. मग कागद उलटून मागची बाजूही नीट बघितली. ती कोरी होती. हाताची माती पुसून मी तिच्यावर चौथ्या लेखाचं पहिलं वाक्य लिहायला बसलो.